दम धरा

घड्याळजीच्या छातीत डॉक्टरांनी जाळीची बारीक नळी बसवली, तेव्हा शुद्धीवर आल्याआल्या त्याने पहिला प्रश्न विचारला तो नळीच्या जाडीचा. डॉक्टरांनी जाडी सांगितली. "मग चिमटा कुठला वापरता?" हा दुसरा प्रश्न. माणूस मरता मरता वाचलेला, आणि चौकशी कसली, तर चिमट्याची! पण चव्वेचाळीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं उघडून बसलेल्या माणसाला, स्वतःचंच उघडल्यावर, आणखी काय सुचणार? तिसरा प्रश्न मात्र कामाचा होता.

"बायकोला उचलायला कधीपासून लागू?"

"कोणाला उचलायला?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, सध्या पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही."

आता ही उचलण्याची भानगड काय, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी घड्याळजीच्या बायकोच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. डोकं शाबूत, उजवा हात-पाय शाबूत, आणि जीभ तर इतकी शाबूत की शेजारच्या इमारतीलाही त्याची खात्री होती. फक्त डावा पाय तिचं ऐकेना. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमला, तिथून परत, असं दिवसातून सात-आठदा तिला उठवून उभं करावं लागे. तीन वर्षं ते काम घड्याळजी एकटा करत होता. कसं, तर दात आवळून, डोळे मिटून, एका हिसक्यात. तो सत्तर ओलांडलेला, शरीराने काडीपैलवान. त्याच्या छातीने एवढे दिवस साथ दिली हेच नवल.

मुलगी दुसऱ्या गावाहून धावत आली. ती औषधांच्या दुकानात काम करायची, त्यामुळे तिला रोगांची नावं माहीत होती आणि म्हणून झोप लागत नव्हती. येताना तिने एक कागद आणला होता. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या एका घराचा अर्ज, आईच्या नावाने भरलेला, फक्त सही राहिलेली.

"बाबा, आईला उचलताना तुम्हाला काही झालं तर आधी कोण पडेल? तुम्ही. आणि तुमच्याखाली कोण सापडेल? आई."

घड्याळजी गप्प राहिला. तो मुळातच गप्प राहणारा. त्याच्या गप्प राहण्यातून होकार-नकार ओळखायला घरच्यांना वर्षं लागली होती. हा नकार होता.

"मला कोणी विचारणार आहे का?" पलंगावरून बायको म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघांनीही विचारलं नाही.

शेवटी तोड निघाली. हृदयाच्या म्हाताऱ्या रोग्यांसाठी इस्पितळात बारा आठवड्यांचा वर्ग चाले: अंगात ताकद आणायची आणि काय खायचं ते शिकायचं. "बारा आठवड्यांनी मी येईन," मुलगी म्हणाली. "तुम्ही माझ्यासमोर आईला उठवा, धाप न लागता. आणि वर्गातल्या बाईंची चिठ्ठी दाखवा. दोन्ही झालं तर हा कागद मी माझ्या हाताने फाडेन. नाही तर सही." तिने कागद फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावला. रोज दूध काढताना नजरेला पडेल असा.

तोपर्यंत बायकोला उठवायला खालच्या मजल्यावरची निवृत्त नर्सकाकू येणार होती. तिने आधीच बजावलं, "बारा म्हणजे बारा. तेरावा आठवडा मागू नका. तुमचं लग्न काही मी लावलं नव्हतं, मग माझी कंबर कशाला मोडू?"

वर्ग भरायचा इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, पूर्वी चादरी ठेवायच्या त्या खोलीत. अकरा खुर्च्या, भिंतीला आरसा, कोपऱ्यात वाळूच्या पिशव्या नि रबरी पट्टे, आणि फिनेलचा वास. शिकवणारी बाई एकेकाळी वजनं उचलायच्या स्पर्धांत उतरलेली. मान खांद्यांत बसलेली, आवाज खणखणीत. तिचं नाव वर्गाने पहिल्याच दिवशी हवालदारीण ठेवलं आणि तिने ते दुसऱ्या दिवशी ऐकलं. तिला आवडलं असावं, कारण तिने शिट्टी आणली.

पहिली परीक्षा अगदी साधी. हात छातीवर बांधायचे आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीतून जितक्यांदा उठता-बसता येईल तितक्यांदा उठायचं. हाताचा आधार घ्यायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं? करून बघा. घड्याळजीच्या शेजारचा निवृत्त पोस्टमन आठदा उठला आणि पत्र पोचवल्यासारखा ऐटीत बसला. घड्याळजी पाचदा उठला. सहाव्यांदा ढुंगण खुर्चीपासून चार बोटं वर आलं आणि तिथूनच परत गेलं.

"पाच," हवालदारीण म्हणाली आणि वहीत लिहिलं. टोमणा नाही, कीव नाही. घड्याळजीला ते बरं वाटलं. बिघाड किती आहे तो आधी लिहावा, हे त्याच्या धंद्यातही होतं.

मग हळूहळू काम सुरू झालं. आधी नुसतं उठणं-बसणं, मग पट्टे ओढणं, मग वाळूच्या पिशव्या. दोन किलो, चार किलो, सहा. हवालदारणीचं एक पालुपद होतं. कोणी घाई केली, पिशवी हिसकली, की ती ओरडे, "दम धरा! दम धरा, गाडी सुटत नाहीये!" सगळ्यांत जास्त हे पोस्टमनच्या वाट्याला येई, कारण तो पिशवी उचलत नसे, दारात टाकून पुढच्या घरी निघाल्यासारखा भिरकावत असे. पण दिवसातून वीसदा तरी सगळ्यांच्याच कानांवर पडे. दम धरा.

घड्याळजीला यात नवीन काही नव्हतं. अहो, दम धरण्यात त्याचा जन्म गेला होता! मनगटी घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग बसवताना श्वास सोडला की संपलं. फुंकरीने उडालेला स्क्रू फरशीवर शोधायचा तर दिवस जातो. उमेदवारीच्या पहिल्या आठवड्यात उस्तादाने त्याला हेच शिकवलं होतं: छाती भर, ओठ मिट, काम कर, मग सोड. तेव्हापासून अवघड काहीही करायचं म्हटलं की त्याचा श्वास आपोआप थांबे. सुईत दोरा ओवताना, दाढी करताना, बायकोला उचलताना. इथे तर बाई स्वतःच सांगत होत्या. तो छाती भरून घेई, ओठ मिटे, पिशवी सावकाश वर, सावकाश खाली, आणि मग सोडे. चेहऱ्यावरची रेष हलत नसे.

"घड्याळजींकडे बघा," हवालदारीण इतरांना सांगे. "घाई नाही, गडबड नाही. याला म्हणतात दम धरणं." वर्ग त्याच्याकडे बघे आणि मनातल्या मनात शिव्या घाले.

दर बुधवारी आहार शिकवणारी यायची. तिचं नाव मीठताई. टेबलावर बाजारातली पाकिटं मांडून विचारायची, यात मीठ किती? पाकिटाच्या पाठीवर लिहिलेलं असतं, पण असल्या बारीक अक्षरांत, की ते म्हाताऱ्यांनी वाचूच नये म्हणून छापलंय असं वाटावं. पहिल्या बुधवारी सगळे पाकिटं लांब धरून, जवळ धरून हैराण झाले. घड्याळजीने खिशातून धंद्यातलं भिंग काढलं, डोळ्याला चिकटवलं आणि वाचून दाखवलं. सूपच्या पाकिटात मीठ, ते ठीक. पावात मीठ, चला, तेही समजलं. पण गोड बिस्किटात?

"गोड बिस्किटात मीठ!" पोस्टमन ओरडला. "हा तर शुद्ध विश्वासघात झाला!"

त्या दिवसापासून बुधवारी घड्याळजीपुढे पाकिटांची रांग लागू लागली. तो वाचे तेवढंच, मत देत नसे. मीठताई मात्र मतं भरपूर द्यायची. संध्याकाळी चहा-बिस्किटावर भागवू नका. अंडी, डाळी, वाटाणे, दही, रोज काहीतरी ताटात हवंच. "भिंत बांधायची म्हणता आणि विटा आणत नाही," ती म्हणायची. "नुसत्या व्यायामाने दंड कुठून येणार?"

घरी स्वयंपाक घड्याळजीच करायचा. त्याने मीठ मोजून घालायला सुरुवात केली, आणि ज्याच्या हाताला गुंजभर वजनाची सवय त्याचं मोजणं म्हणजे विचारता सोय नाही.

"हे सूप आहे की भांडं विसळलेलं पाणी?" बायकोने पहिल्या दिवशी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याने लसूण वाढवला, वरून लिंबू पिळलं, मिरी घातली.

"जन्मभर तुमच्या मिठाला जागले," ती म्हणाली. "आता तुम्ही मीठच बंद केलंत. मी जागायचं कशाला?" पण वाटी रिकामी केली. अंडी खाल्ली, डाळ खाल्ली. त्याने वर्गातून एक रबरी पट्टा आणला आणि तिच्या उजव्या पायाला अडकवला, तर आठवडाभर कुरकुर करून तिने तोही ओढायला सुरुवात केली. बोलत बोलत. ती काहीही करायची ते बोलत बोलतच.

बोलणं हा तिचा धंदाच होता. लग्नाआधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. त्या काळी बरोबर वेळ हवी तर एक्स्चेंजला फोन करून विचारायची सोय होती, आणि घड्याळजी दुकान उघडलं की भिंतीवरचं मोठं घड्याळ लावायला तिथे फोन करी. अशी त्यांची ओळख. "नऊ वाजून चार मिनिटं." "आभारी आहे." वर्षभर प्रेमप्रकरण काय ते एवढंच. त्या भिंतीवरच्या घड्याळाचं एक शल्य मात्र त्याला अजून होतं. नेमकं त्याच वर्षी ते अधूनमधून एका मिनिटाने चुकायचं. संध्याकाळी लावावं, सकाळी बघावं तर एक मिनिट पुढे. त्याने ते तीनदा पूर्ण उघडलं, दाता न् दाता पाहिला. दोष सापडला नाही. लग्न झालं आणि घड्याळ आपोआप सुधारलं. सबंध आयुष्यात हाती न लागलेला असा तो एकच बिघाड. दर दोन-चार वर्षांनी तो विषय काढी, आणि दरवेळी बायको खिडकीबाहेर बघू लागे. कंटाळते बिचारी, असं त्याला वाटे.

नवव्या आठवड्यात घड्याळजी अर्ध्या मिनिटात अकरादा उठला. दहाव्या आठवड्यात हवालदारणीने त्याच्या हातात बारा किलोची पिशवी दिली. त्याने छाती भरली, ओठ मिटले, गुडघे वाकवले. पिशवी कमरेपर्यंत आली. मग आरशातला म्हातारा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग आरसाच विझला.

तो पडला नाही. हवालदारणीने त्याला काखेत धरून खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, पाच मिनिटांनी परत मोजला.

"श्वास कुठे होता तुमचा?" तिने विचारलं.

"धरला होता."

"कशाला?"

घड्याळजीला प्रश्नच कळला नाही. "तुम्हीच म्हणता ना. दम धरा."

पोस्टमन खो खो हसत सुटला. हवालदारीण मात्र हसली नाही. तिचा चेहरा उतरला.

"काका, दम धरा म्हणजे घाई करू नका! श्वास कोंडायचा नाही कधी. ओझं उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब असा उसळतो. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

पहिल्या दिवशी तिने ते सांगितलं होतं, खरंच. पण नेमकं त्या वेळी घड्याळजीला छातीचा आलेख काढायला खाली नेलं होतं.

"आणखी कोण कोण श्वास धरतं?" तिने वर्गाला विचारलं. दोन हात वर आले. "सांगितलं होतंत तुम्ही," एक आजी म्हणाल्या, "पण मग तुम्हीच रोज उलटं ओरडायला लागलात."

हवालदारीण खुर्चीवर बसली. दहा आठवडे! दहा आठवडे ती ज्याला आदर्श म्हणून दाखवत होती, तो माणूस तिच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या जिवाशी खेळत होता, आणि तिच्याच शब्दावर. "आजपासून हा शब्द या खोलीत बंद," ती म्हणाली.

"मग दम लागला तर काय म्हणायचं?" पोस्टमनने विचारलं. तिने शिट्टी वाजवली.

डॉक्टरांनी घड्याळजीला तपासलं. नळी जागेवर होती, दोन दिवस आराम सांगितला. पण चिठ्ठीचं काय? घड्याळजी तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या दाराशी उभा राहिला. हवालदारणीलाही त्याचं गप्प राहणं आता थोडं वाचता येऊ लागलं होतं.

"चिठ्ठी देईन," ती म्हणाली. "पण नुसतं 'श्वास सोडा' म्हणून तुमची चव्वेचाळीस वर्षांची खोड जायची नाही. एकच उपाय आहे. उचलताना बोलायचं. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येतच नाही."

"काय बोलायचं?"

"काहीही. आकडे मोजा."

झालं. सहा किलोपासून पुन्हा सुरुवात. "एक, दोन, तीन," घड्याळजी मोजत उचलू लागला, शाळेतल्या पोरासारखा. बाराव्या आठवड्यात बारा किलोची पिशवी कमरेपर्यंत आली आणि आरसा जागच्या जागी राहिला. मग हवालदारणीने स्वतःच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, पाय लुळे सोडून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आता मला उठवा." गुडघ्याला गुडघा टेकवायचा, पट्टा दोन्ही हातांनी धरायचा, पाठ नाही, मांड्या वापरायच्या. तीनदा करून घेतलं. चिठ्ठी दिली ती अशी: सदर गृहस्थ बोलत असल्यास पत्नीस उठवू शकतात. गप्प असल्यास उठवू नये.

शनिवारी सकाळी मुलगी आली. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. "ही काय थट्टा आहे का?" मग फ्रीजवरचा कागद काढून हातात धरला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. नर्सकाकू दारात, कमरेवर हात ठेवून. तिच्या बारा आठवड्यांचा हा शेवटचा दिवस होता.

घड्याळजीने बायकोच्या कमरेला पट्टा बांधला. तिच्या गुडघ्याला गुडघा टेकवला. "एक," तो म्हणाला, "दोन..."

"अहो, मी काय बटाट्याचं पोतं आहे का मोजून घ्यायला?" बायकोला हसू फुटलं. हसली तशी ती सैल पडली, सगळं वजन एका बाजूला गेलं, आणि दोघंही पलंगावर बसली. घड्याळजीने मधेच श्वास कोंडला होता. त्याचं त्यालाच ते कळलं. कपाळावरची शीर ताठ झाली होती.

मुलीने ती पाहिली. "बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "राहू दे. मी तुम्हाला दोष देत नाही." तिचे डोळे भरले होते. तिने पर्समधून पेन काढलं.

बायकोचं हसू थांबलं. तिने पेनाकडे पाहिलं, मग घड्याळजीकडे. तिच्या तोंडावर भीती होती. इतकी वर्षं बडबड करणारी बाई, आणि बोलायला शब्द नाही.

घड्याळजी घाबरला. आयुष्यात प्रथमच त्याला वाटलं की आता आपण बोललो नाही तर ही जाईल. त्याने पट्टा घट्ट धरला. आकडे नकोत. मग काय? काहीही, हवालदारीण म्हणाली होती.

"वेळ विचारायला," तो म्हणाला आणि मांड्यांवर जोर घेतला, "वेळ विचारायला दिवसाला एक फोन पुरायचा. मी चार करायचो. सकाळी एक, मग अकराला, मग तीनला, मग दुकान बंद करताना. घड्याळ बरोबरच असायचं. मला ठाऊक असायचं किती वाजलेत. मला तुझा आवाज ऐकायचा असायचा, बाकी काही नाही, सांगायचं राहूनच गेलं, मग लग्न झालं, मग तू घरातच..."

आणि ती उभी होती. उजवा पाय जमिनीत रोवून, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून, सरळ उभी. त्याला धाप लागली नव्हती. तो अजून बोलतच होता. थांबायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं.

"ठाऊक होतं मला," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "म्हणून तर संध्याकाळच्या फोनाला मी कधीकधी एक मिनिट पुढची वेळ सांगायचे."

घड्याळजी गप्प झाला.

"बघायचे, हा माणूस भांडायला तरी पाचवा फोन करतो का. तर तुम्ही मुकाट्याने घड्याळच तसं लावायचात! आणि मग ते उघडून बसायचात, बिचारं."

"तीनदा," घड्याळजी म्हणाला. "तीनदा उघडलं मी ते."

"श्वास घ्या," नर्सकाकू दारातून ओरडली.

त्याने घेतला. मुलीने पेन पर्समध्ये टाकलं. कागदाची घडी केली, मग घडी उलगडली, मग मधोमध फाडला. नाक पुसून पुढे आली आणि तिने खुर्ची ओढली. "झालं बाबा, पाहिलं मी. आता बसवा आईला."

"दम धर जरा," आई म्हणाली.

मुलगी खुर्ची धरून थांबली.